एका चिलखतातले दोन सेनापती

ती घटना आठवली की आजही हुश्श म्हणावंसं वाटतं. पोलिसातून निवृत्त होऊन मी दुबईला मुलाकडे आलो होतो. स्वस्थ बसवेना, म्हणून अल क्वोजमधल्या कलावस्तूंच्या एका गोदामात सुरक्षेची जबाबदारी घेतली.

एका सकाळी अबू धाबीच्या खलिफा सिटीतले एक शेठ तावातावाने आले. त्यांनी युरोपातून तीनशे वर्षांपूर्वीच्या सेनापतींच्या चित्रांची जोडी मागवली होती, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली. दोन्हींत चिलखत तेच, दंडा तोच, मागची लढाईही तीच. चेहरे तेवढे वेगळे. "एक असली है, दूसरा कॉपी! माल आपके यहाँ बदला गया!"

संशय आला पेटी उघडून स्कॅनिंग करणाऱ्या आमच्या गोदामातल्या मुलीवर. इथेच वाढलेली मराठी पोर. संध्याकाळपर्यंत खरं चित्र मिळालं नाही तर पोलिसांत तक्रार होणार होती, म्हणजे तिची नोकरी, व्हिसा, सगळं खलास.

मी तिला समोर बसवलं. "काका, आय स्वेअर, मी फक्त स्कॅन केलं. चोर वाटते का मी तुम्हाला?"

चोर आधी नरमतो आणि हकीगत सजवून सांगतो, हा माझा अनुभव. ही थेट भांडायलाच उठली. मला बरं वाटलं, पण बरं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.

मग भिंग घेऊन मुद्देमालच तपासला. काय ती ऐट! हात कमरेवर, छाती पुढे, आणि खरे लढणारे सैनिक मागे मुंगीएवढे. दुसऱ्या चित्रात मानेजवळ पुसट रेघा दिसल्या. पहिल्याच्या लांब केसांच्या बटा नेमक्या तिथेच होत्या. म्हणजे पत्र्यावरचं जुनं डोकं खरवडून नवं कोरलं होतं!

मुलीने विकणाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तो हसला. दोन्ही चित्रं अस्सल, एकाच पत्र्याची; सेनापती बदलला की तेव्हा असंच करायचे, म्हणूनच ही जोडी दुर्मीळ, म्हणाला. शेठचा राग कुठल्या कुठे पळाला. ते निघाले, तसं मी दारात अडवलं. "शेठजी, पहले बच्ची को सॉरी बोलिए."

बोलले बिचारे. पोर हसली, मग रडली. "काका, थँक यू," म्हणत बिलगली.

पोलिसात माझी शेवटची बदली झाली, त्याच दिवशी माझ्याच टेबलामागे, तीच छडी घेऊन नव्या साहेबांचा फोटो निघाला होता. हवालदाराने सलामही तसाच कडक ठोकला. तेव्हा फार लागलं होतं. साहेब ही हाक त्या खुर्चीची होती, हे त्या दोन सेनापतींनी मला शिकवलं. काका ही हाक मात्र माझी.