मापाचा सोफा

बायको होती तेव्हा मुलाचा बंगळूरहून येणारा फोन तिचाच असायचा. चुकून मी उचलला तर, "जयभीम पप्पा, तब्येत बरी ना?" "बरी." "मम्मी आहे का?" एवढ्यावर मी मोकळा. ती गेली आणि फोन माझ्या गळ्यात पडला. आम्हा बापलेकांना बोलायला विषयच नव्हता. रविवारचा फोन दोन वाक्यांत आटपायचा, आणि देवपूरच्या घरात मी पुन्हा एकटा.

मग त्याच्या डोक्यात सोफ्याचं आलं. जुन्याच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. "दुकानातला तयार घेऊ नका पप्पा. जळगावला एकजण मापाने बनवून देतो, माझ्या मित्राकडे त्याचाच आहे." मी म्हटलं, कशाला उगाच, मला एक खुर्ची बस आहे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, "गेले होते का?" तेव्हा मुकाट्याने पारोळ्यावरून जाणारी जळगावची एसटी धरली.

कारागीर माझ्याच वयाचा, बोलायला गोड. त्याने मला नुसत्या लाकडी सांगाड्यावर बसवलं, गुडघ्यापासून जमिनीपर्यंत टेप लावली, कंबर टेकते का विचारलं. मग कापडाचे नमुने पुढ्यात टाकले. मी काय सांगणार, कपाळ! जन्मभर पाटबंधारे खात्याच्या खुर्चीत बसलो, तिचा रंग मला कोणी विचारला नव्हता. मुलाला फोटो पाठवले. त्या संध्याकाळी तो कितीतरी वेळ बोलला. फोम कोणता, टेक किती कलता, शिवणीला पायपिंग हवी की नको. मधेच म्हणाला, "मम्मीला हिरवा आवडला असता." मी म्हटलं, मग हिरवाच घेऊ. तरी फोन कोणीच ठेवला नाही.

त्यानंतर रोज फोन. दिवेलागण झाली की मी टीव्ही बंद करून वाट बघत बसायचो. खरं सांगतो, सोफ्याशी मला काही देणंघेणं उरलं नव्हतं. ठरलेला हिरवा चांगलाच होता, तरी मी म्हटलं, फार गडद वाटतो. झालं! पुन्हा नमुने, पुन्हा फोन. मग पाय लाकडी की स्टीलचे. मग हातांची रुंदी. कारागीर वैतागला. "नाना, तुम्ही सोफा ली राह्यनात का नवरी देखी राह्यनात?" मी म्हटलं, "नवरीला एवढं पाहिलं नव्हतं. तू गप माप घे."

शेवटी बदलायला काही राहिलंच नाही. "नाना, बठ्ठं तयार शे. कव्हय धाडू?" कारागिराचा फोन आला. मी म्हटलं, राहू दे आठवडाभर तुझ्याकडेच. पण त्या शहाण्याने मुलाला फोटो टाकले होते. "भारी झालाय पप्पा! सुटलो एकदाचे," मुलगा म्हणाला. तो इतका खूश होता की मला त्याचा रागच आला.

टेम्पोतून सोफा आला. शेजाऱ्यांनी हात फिरवून पाहिला, चांगला आहे म्हणाले, गेले. बसायला अगदी मापात. पाय टेकतात, कंबर टेकते. फोन मात्र आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तीन माणसांच्या त्या सोफ्यावर एका कोपऱ्यात मोबाइल धरून बसलो होतो. फार एकटं वाटलं, रडूच आलं. म्हाताऱ्या माणसाला असं रडू यावं याची लाजही वाटली.

मग मीच फोन लावला. स्वतःहून, पहिल्यांदाच.

"पप्पा, मीटिंगमध्ये आहे. सोफ्याचं काही बिघडलं का?"

नाही रे, तुझ्याशी बोलावंसं वाटलं, एवढंच म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"हो. करकरतोय."

"काय सांगता! थांबा, मी बाहेर येतो." दार उघडल्याचा आवाज आला. "हं, बोला आता. कधी करकरतो? बसताना की उठताना?"

"उठताना," मी म्हणालो, आणि पाय वर घेऊन नीट टेकून बसलो.