न घेतलेला रिव्हर्स कॅमेरा

गेल्या शुक्रवारी सकाळी बोरिवलीत आमच्या बिल्डिंगखाली एक कॅम्पर व्हॅन येऊन उभी राहिली. आत दोन बेड, छोटं किचन, चक्क टॉयलेट! वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंपर्यंत सगळे डोकावून गेले...

तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली होती. जाणारे तिघंच. मी, माझा नवरा निलेश आणि माझे सासरे, म्हणजे आप्पा. सासूबाई नणंदेकडे नाशिकला गेल्या होत्या. दापोलीच्या पुढे समुद्राजवळ एका नारळाच्या वाडीत अशा गाड्या लावू देतात, तिथे मुक्काम.

आता खरं कारण सांगते. पावसाळ्यापासून आप्पा आणि निलेश एकमेकांशी बोलत नव्हते.

आप्पांना ड्रायव्हिंगचं भारी वेड. दरवर्षी गणपतीला गावापर्यंत गाडी तेच चालवत न्यायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एकदा पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना गाडी पिलरवर ठोकली. बिल्डिंगमधली मुलं तिथेच खेळत होती. कोणाला लागलं नाही, पण निलेश घाबरला आणि सगळ्या बिल्डिंगसमोर ओरडला, "बस झालं आप्पा, द्या ती किल्ली!" आप्पांनी किल्ली बोनेटवर ठेवली आणि वर निघून गेले... तेव्हापासून एकाच खोलीत बसून दोघंही माझ्यामार्फत बोलायचे. "आप्पांना विचार, चहा घेणार का." "त्याला सांग, नको."

निदान तीन दिवस एका गाडीत राहतील, काहीतरी होईल, या आशेवर ही ट्रिप मी ठरवली.

इकडे निलेशने ऑनलाइन कार्ट भरून ठेवली होती. व्हॅनच्या बाजूला लावायचं छत, सोलर पॅनल, फोल्डिंग टेबल, झाडाला टांगायचा शॉवर, कॉफीचं मशीन... मी एकेक वस्तू उडवत गेले. आमचा वन बीएचके, माळ्यावर गणपतीचं मखर आणि जुना मिक्सर यांच्यामध्ये बोट शिरत नाही. हे सगळं ठेवायचं कुठे?

शेवटी तो एका गोष्टीवर अडून बसला. व्हॅनचा रिव्हर्स कॅमेरा बंद आहे असं व्हॅनवाल्याने आधीच सांगितलं होतं, म्हणून मागे चिकटवायचा एक वायरलेस कॅमेरा त्याने शोधला होता.

"बाकी सगळं काढ यार, कॅमेरा राहू दे ना."

"तीन दिवसांनी व्हॅन परत जाणार. मग तो काय फ्रिजला लावणार आहेस?"

तोही काढला. साहेब फुगले. आम्ही घरातली चटई, कुकर, बालदी-मग आणि दोन प्लॅस्टिकची स्टुलं घेतली आणि निघालो. आप्पा मागच्या बेडवर बसून खिडकीबाहेर बघत होते. अख्ख्या रस्त्यात एक शब्द नाही...

दुपारी मॅपने आम्हाला एका गल्लीत घातलं. एका बाजूला चिऱ्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार. वळण घेऊन थोडं पुढे गेलो तर समोरून नारळांनी भरलेला टेम्पो! ड्रायव्हर म्हणाला, "दादा, तुम्हीच मागे घ्या. माझ्यामागे अजून दोन गाड्या हायत."

मी उतरून मागे गेले आणि "ये, ये" करायला लागले. एकदा "थांब" म्हणायला उशीर झाला आणि मागचं चाक गटाराच्या अगदी काठावर आलं. निलेश जोरात ओरडला, "अगं, कुठे बघतेयस!"

तेवढ्यात व्हॅनचं दार उघडलं. आप्पा उतरले. हळूहळू चालत मागे भिंतीच्या बाजूला, निलेशला उजव्या आरशात दिसतील असे उभे राहिले.

"नील्या, आरशात माझ्या हाताकडे बघ. बाकी कुठे नाही."

टेम्पोवाला हॉर्न देत होता. मला वाटलं, आता निलेश काहीतरी उलटं बोलणार आणि वाट लागणार...

"आप्पा, गटार आहे हो तिकडे."

"आहे ना. मी पण आहे. घे मागे."

आणि त्याने घेतली! "येऊ दे... येऊ दे... डावीकडे मार... अजून... आता सरळ..." आप्पा एकेक पाऊल मागे सरकत होते आणि एवढी मोठी व्हॅन त्यांच्या हाताबरोबर सरकत होती. वळण पार झालं. "बस्स!" म्हणत आप्पांनी गाडीच्या पाठीवर थाप मारली.

निलेश खाली उतरला तेव्हा त्याचा शर्ट घामाने चिंब झाला होता. त्याने बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, "आप्पा, त्या दिवशी सगळ्यांसमोर नको होतं ओरडायला."

"बोललास ते बरोबरच होतं रे. मुलं होती तिथे." आप्पा हात झटकत म्हणाले, "पण किल्ली घरात येऊन मागायचीस. दिली असती मी."

एवढंच. पण मी टेम्पोकडे बघण्याच्या निमित्ताने तोंड फिरवून डोळे पुसले...

तो कॅमेरा असता, तर निलेश त्या छोट्या स्क्रीनमध्ये बघत व्यवस्थित मागे आला असता. आणि आप्पा आत बेडवर बसून राहिले असते.

बाकीच्या न घेतलेल्या वस्तूंची आठवणही झाली नाही. वाडीत शेजारी एक ठाण्याचं कुटुंब होतं, त्यांच्याकडे सगळं होतं, तसलं छतसुद्धा. वाऱ्याने ते इतकं फडफडायला लागलं की शेवटी ते चौघं आमच्या चटईवर येऊन बसले. गरम भात, सुक्या जवळ्याची चटणी... झकास जेवण झालं.

आप्पा आता गाडी चालवत नाहीत, आणि मागतही नाहीत. पण परत येताना ते पुढच्या सीटवर बसले होते. "थर्डवर टाक." "आप्पा, टाकलाय." "मग सेकंडवर टाक."

मी मागच्या बेडवर पाय पसरून ती कटकट ऐकत पडले होते. इतकं छान मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.