विहीर बंद होती म्हणून

परतूर स्टेशनवर मला सोडायला अकरा माणसं आली होती आणि त्यातली दहा एकच विचारत होती, परत कधी येणार. गाडी अजून यायची होती. आईनं चटणीच्या डब्याचं झाकण तिसऱ्यांदा घट्ट केलं. गप्प होते ते फक्त बाबा. गाडी हलली तसे 'जय भीम' म्हणाले आणि डोळे दिसू नयेत म्हणून लगेच पाठ फिरवून उभे राहिले.

बाबा विहिरी खोदणाऱ्या टोळीत सुरुंग लावायचे. आमच्याकडचा काळा पाषाण दुसऱ्या कशाला दाद देत नाही. सुरुंग उडाला की शेताचा मालक काठावरून घाई करायचा, उतरा, पाणी लागलं का बघा. बाबा म्हणायचे, "धूर निघू द्या, मंग उतरतो. जल्दी असंल तर तुम्हीच उतरा." मालक कधी उतरल्याचं मला आठवत नाही.

आज मी कॅनडात, बर्फाच्या सपाट माळावर, तेलविहिरींवर इंजिनिअर आहे. इथला खडकही तसाच हट्टी. पोटात तेल आहे, पण छिद्रं एवढी बारीक की ते बाहेर येत नाही. म्हणून आम्ही विहिरीतून कार्बन डायऑक्साइड दाबानं खाली सोडतो आणि विहीर बंद करतो. गॅस सावकाश तेलात मिसळतो, तेल फुगतं, पातळ होतं आणि विहीर उघडली की वर येऊ लागतं. लोणच्यासारखं आहे हे, मुरू द्यावं लागतं.

आमच्या कंपनीतल्या अशा पहिल्या चाचणीची जबाबदारी माझ्यावर आली. विहीर सहा आठवडे बंद ठेवायची, असं मी ठरवलं होतं. चौथ्या आठवड्यात मॅनेजर म्हणाला, पुरे झालं, उघडू या. उघडायला माझी सही लागत होती. मी नाही म्हणाले. नेमकं त्याच आठवड्यात परतूरला माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. रजा मंजूर, तिकीट हातात. पण मी विमानात बसले की माझ्या जागी दुसरं कुणी सही करणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी तिकीट रद्द केलं.

मग काय काय ऐकलं! मावशी म्हणाली, "पोरीला तेल प्यारं झालं, भाऊ न्हाई." काका म्हणाले, "लई शिकवलं का असंच होतं." आई आठ दिवस फोनवर आली नाही. बाबा तेवढे म्हणाले, "तुझी हीर हाय, तुझं तू बघ."

तर ऐका, मी माफी मागणार नाही. माझ्या जागी भाऊ असता तर तुम्हीच त्याला जबाबदार म्हणून डोक्यावर घेतलं असतं. लग्न मी मोबाइलवर पाहिलं. पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं बुद्धवंदनेला उभी राहिली, तेव्हा मीही जाड जॅकेटात, हेल्मेट काढून उभी राहिले आणि ढसाढसा रडले. रडले म्हणजे चुकले, असं कुणी समजू नये.

सहा आठवडे भरले, विहीर उघडली. तेल माझ्या अंदाजापेक्षा कमी आलं, पण आधीपेक्षा चांगलंच जास्त आलं. मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाला, आपण धीर धरला. आपण!

उन्हाळ्यात घरी गेले. जो तो विचारू लागला, किती दिवस राहणार. नवी भावजय अर्चना मला पहिल्यांदाच भेटत होती. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "ताई, तुम्ही तो गॅस आत सोडता, तो परत वर येत न्हाई का?"

मी दचकलेच. एवढ्या वर्षांत या घरात माझ्या कामाबद्दल मला कुणीच विचारलं नव्हतं.

"थोडा येतो. तो पकडून पुन्हा आत सोडतो."

"अन् बाकीचा?"

"खडकात राहतो."

"राह्यला का निघून गेला, ते कोण बघून राह्यलंय?"

बरोबर तिथंच बोट ठेवलं पोरीनं. मी मांडी घालून तिच्यासमोर बसले आणि परातीतल्या पिठात बोटानं विहीर काढली, खडक काढला, गॅस जाण्याची वाट काढली. तव्यावरची भाकरी करपली. आई ओटीवरून ओरडली.

"करपू द्या, आई," अर्चना माझ्या बोटावरची नजर न काढता म्हणाली. "ताईचं सांगून होऊ द्या आधी."

तुम्ही विचारता ना, परत कधी येणार, किती दिवस राहणार, म्हणजे माझं घर नेमकं कुठं आहे? मी त्या परातीपाशी बसले होते, तिथं.