लाल टोकाचं गेज

साताऱ्याच्या एमआयडीसीत मी लागले तेव्हा आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग बनायचे. पुढं तोफगोळ्याच्या तोंडाशी बसणाऱ्या लोखंडी कड्या बनायला लागल्या. कडीला आतून आटे पाडलेले असतात, त्यात गोळा फोडणारा फ्यूज बसतो. दारू भरायचं काम दुसरीकडं. आमचं नुसतं लोखंड. तरी औंधजवळच्या आमच्या गावात सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "आमची सून बाँब करती."

आम्ही सहा बायका तपासणीच्या टेबलावर होतो. मशीन चालवायला मागितली तर साहेब लोक म्हणायचे, बायकांना झेपणार नाही. आमच्या हातात आट्यांचं माप बघायचं गेज. त्याचं हिरवं टोक आट्यांत सहज फिरत गेलं पाहिजे आणि लाल टोक अडलं पाहिजे. लाल टोक आत गेलं म्हणजे आटे सैल, फ्यूज हलणार, कडी बाद.

सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि आमच्या पाळ्या बारा तासांच्या झाल्या. माझे मालक फौजेत, तोफखान्यात, तिकडंच कुठंतरी. चार दिवस झाले, त्यांचा फोन बंदच होता. घरी टीव्हीसमोर बसण्यापेक्षा कामावर बरं वाटायचं.

पाचव्या दिवशी सकाळी लाल टोक आत गेलं. बाजूला टाकली ती कडी. थोड्या वेळानं आणखी एक, मग लागोपाठ दोन. मशीनचं आटे पाडणारं टूल झिजलं होतं. मी हात थांबवला आणि सुपरवायझरना बोलावलं.

"ताई, गाडी गेटवर उभी आहे," ते म्हणाले. "उरलेल्या पेट्या न तपासता जाऊ द्या. सही करा."

"लाल टोक जातंय साहेब."

"केसभर फरकानं काय होतंय? युद्धाची वेळ आहे. देशाचं काम अडवताय तुम्ही."

माझं डोकंच फिरलं. चार दिवस मनात धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"तोफंपाशी माझा नवरा उभा हाय साहेब. गोळा नळीतच फुटला तर त्याला सांगाल का, केसभरच फरक होता म्हणून? मी सही करणार न्हाई."

सगळी शेड बघायला लागली. सुपरवायझरनी कागद माझ्या शेजारच्या मावशींपुढं सरकवला. मावशी आष्ट्याच्या, सगळ्यांत जुन्या, कधी कुणाला उलटून न बोलणाऱ्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आवं, तिनं न्हाई केली तर मी कशी करू?" एवढंच म्हणाल्या आणि कागद परत सरकवला. बाकीच्या चौघींनी गेज टेबलावर ठेवून दिली.

शेवटी मोठे साहेब खाली आले. त्यांनी स्वतः गेज घेऊन कड्या तपासल्या. चौथ्या कडीत लाल टोक सरसर आत गेलं. त्यांनी ती बाजूला टाकली. गाडी रिकामी परत गेली, टूल बदललं, आणि सगळ्या पेट्या आम्ही पुन्हा उघडल्या.

शाबासकी? दुसऱ्या दिवशी मला खोकी चिकटवायला बसवलं. "तिथं डोकं शांत राहील," असं सुपरवायझर म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांच्यासमोर नाही. जेवणाच्या सुट्टीत मावशी बाकीच्या चौघींना घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. "पोरगी टेबलावर येईपर्यंत आमची कुणाचीच सही मिळणार न्हाई." दोन दिवस माल जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

मी गेले, पण टेबलाशी नाही. थेट मोठ्या साहेबांच्या दारात उभी राहिले. "टूल कवा झिजतं ते मला कळतंय, साहेब. मला मशीन शिकवा."

त्यांनी पाळ्यांचा तक्ता पुढं ओढला. मग म्हणाले, "सोमवारपासून या."

मालकांचा फोन मी मशीनवर लागल्यावर दोन दिवसांनी आला. बरे होते. आधी भांडणाचं सांगितलं, तर हसले. मशीनचं सांगितलं, तर विचारलं, "जमतंय का?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं.

आता त्या मशीनवर मीच असते. शेजारच्या मशीनवर मागच्या महिन्यात आणखी एक बाई आली.