बुडालेला नावाडी परत आला

गेल्या रविवारी दुपारी आमच्या ऑनलाइन खेळाचा नवा अध्याय उघडला, तर पडद्यावर तो म्हातारा नावाडी हसत उभा. दोन वर्षांपूर्वी याच गोष्टीत आम्हाला पैलतीरी सोडताना तो बुडाला होता आणि मी, चाळिशी उलटलेली बाई, पदराने डोळे पुसत बसले होते. आता त्या मरणाबद्दल चकार शब्द नाही. "चला, नवी होडी दाखवतो," म्हणाला.

माझं डोकंच फिरलं.

"अगं, लोकांना आवडायचा, म्हणून आणला परत," हेडफोनमधून वैशाली म्हणाली. ती नागपूरची. आमची ओळख याच खेळातली. आम्ही कधी भेटलेलो नाही. "इतकं काय मनाला लावून घेतेस?"

"मग माझं रडणं खोटं होतं का?"

गोष्टीतलं गेलेलं माणूस परत येत नाही, म्हणून तर ते असेपर्यंत आपण जीव लावतो. या लिहिणाऱ्यांना तेवढाही धीर नाही. गिऱ्हाईक रुसलं की मढंही उठवून बसवतील. असल्या लोकांच्या हाती मी पुन्हा माझा जीव का द्यावा?

"मी सोडतेय हा खेळ," मी म्हटलं. "तू रविवारी फोन करत जा."

ती म्हणाली, "करीन गं. पण बोलायचं काय?"

मला काहीच सुचलं नाही. खेळ मी त्याच दुपारी काढून टाकला, आणि त्या न सुचण्याचा रागही त्या लिहिणाऱ्यांवरच काढला.