साठेसाहेबांचं दणकट पोट

परमुलखात चार मराठी माणसं एका ऑफिसात आली की किस्से आपोआप साचतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात, गार्डन रीचच्या आमच्या ऑफिसात आम्ही चौघे होतो. पण निम्म्याहून जास्त किस्से एकट्या साठेसाहेबांचे.

साहेब पुण्याहून बदलून आलेले. हुद्दा मोठा, गुडघे कामातून गेलेले. ऑफिसचे डॉक्टर सेनगुप्ता यांनी सांधेदुखीच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "जेवल्यावरच घ्या, नाहीतर पोटाला त्रास होईल."

साहेब म्हणाले, "रिकाम्या पोटी लवकर लागू पडतात. औषध वरणभातात बुडवून कशाला वाया घालवायचं?"

सकाळी उठल्याबरोबर काळ्या कॉफीसोबत एक गोळी. जास्त दुखलं तर दोन.

*

थोड्याच दिवसांत छातीत जळजळ सुरू झाली. हेडक्लार्क मुखर्जीबाबूंनी आपुलकीनं विचारलं, "साहेब, अंबल हुआ क्या?" अंबल म्हणजे आपलं आम्लपित्त. बंगाली माणूस त्याच्याविषयी घरच्या माणसासारखं बोलतो.

साहेबांना ते फार लागलं. "अंबल तुम्हाला होतं, मुखर्जी. मला ॲसिडिटी झालीय."

*

मग खापर फुटलं मोहरीच्या तेलावर. कँटीनमध्ये साहेबांसाठी शेंगदाणा तेलात वेगळी भाजी होऊ लागली. जळजळ वाढली. साहेबांनी निष्कर्ष काढला, "कढई जुनीच आहे ना!"

*

आमच्यातल्या जोशीची कंबर धरली. साहेबांनी स्वतःच्या गोळ्या त्याला दिल्या. दोन-तीन दिवसांनी विचारलं, "कंबर कशी आहे?"

जोशी पोट आवळून बसला होता. म्हणाला, "पोटात एवढी आग पडलीय साहेब, की कंबरेकडे लक्षच जात नाही."

"बघा," साहेब आम्हा सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात गुण."

*

साहेबांचा चेहरा पांढरा पडत चालला. जिना चढताना धाप लागायची. सेनगुप्तांनी ओळखलं. साहेबांना आपल्या खोलीत बसवून हळूच विचारलं, "शौचाला काळं होतं का?"

साहेब ताडकन उठले. "डॉक्टर, मी क्लास वन ऑफिसर आहे."

काळं होत होतं. डांबरासारखं. हे त्यांच्या पत्नीनं, मालतीबाईंनी, नंतर सांगितलं. त्यांनाही साहेबांनी दटावून गप्प केलं होतं.

पुढच्याच आठवड्यात, भर मीटिंगमध्ये, साहेबांना रक्ताची उलटी झाली. शहरात बंद, रस्त्यावर वाहन नाही. मुखर्जीबाबूंनी ऑफिसची जीप काढायला लावली आणि साहेबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. हॉस्पिटलात रक्तही त्यांनीच दिलं. मालतीबाई बाकावर बसून एकच म्हणत होत्या, "मी तेव्हाच बोलायला हवं होतं." त्या दिवशी आमच्यापैकी कुणाला विनोद सुचला नाही.

*

साहेब वाचले. डॉक्टरांनी सांगितलं, जठरात व्रण झालाय, त्या गोळ्या आता जन्मात घ्यायच्या नाहीत. साहेबांनी मुकाट्यानं मान हलवली. आम्हाला वाटलं, माणूस बदलला.

चार दिवसांनी मी भेटायला गेलो. साहेब उशीला टेकून बसले होते आणि शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांशी इंग्रजीत बोलत होते. त्या बिचाऱ्यांच्या नाकात नळी, हाताला सलाइन. त्यांनाही रक्ताची उलटी झाली होती, तीही गुडघेदुखीच्या गोळ्यांनीच. पण त्यांची गोळी वेगळी होती.

त्यांनी क्षीण आवाजात तिचं नाव सांगितलं. साहेबांनी ते दोनदा वदवून घेतलं. मग पुढे झुकून विचारलं,

"पण गुडघा दुखायचा थांबला का हो?"