मैनाबाईचे नारळ

पाचपावलीत मैना कोष्टिणीचं नाव तिनं विणलेल्या लुगड्यांपेक्षा तिच्या काढ्यामुळे जास्त होतं. इंग्रजी अमदानीतले दिवस ते. जिची पाळी अडली, जिची कूस उजवेना, ती बाई पदराआड तोंड लपवत तिच्या दारी यायची. मैनाबाई माग थांबवायची आणि पारशिवनीच्या रानातून आणवलेली शतावरीची मुळं दुधात उकळून द्यायची. पैसा घेत नसे. गुण आला की एक नारळ आणून द्यायचा, एवढाच रिवाज. नारळ येत राहिले आणि बाईचा भरवसा वाढत गेला. कोणी शंका काढलीच तर ती फणकारायची, "मंग हे नारळ काय आभाळातून पडले?"

म्हणूनच कळमेश्वरला दिलेल्या शामलेची, तिच्या एकुलत्या लेकीची, पाळी चार-चार महिने येईना, तेव्हा ती घाबरली नाही. विहीण कौशल्याबाई मुलाचं दुसरं लग्न करायला निघाल्या होत्या. मैनाबाईनं त्यांच्यापुढे पदर पसरला. "एक वर्ष थांबा, विहीणबाई. माह्या औषधानं कोणाची कूस रिकामी राहिली नाही."

वर्ष गेलं. शामला रोज पेला संपवायची, पण काही झालं नाही. जावई चंपतरावांनी पुष्पलतेशी लग्न लावलं. मैनाबाईचं काळीज तुटलं, पण औषधाला बोल लावायला ती तयार नव्हती. तिनं लेकीलाच सुनावलं, "तूच पथ्य मोडलं असशीन." तिनं असं बोलायला नको होतं.

पुढच्या चैत्रात शामला माहेरी आली ती हातात नारळ घेऊन. मैनाबाईला आनंदानं रडू फुटलं. तिनं लेकीला पोटाशी धरलं.

"माहा नाही, माय," शामला म्हणाली. "पुष्पलतेले दिवस गेले. सासूनं माह्या उरलेल्या मुळ्यांचा काढा तिले पाजला होता. म्हणते, औषध लागू पडलं, नारळ तूच नेऊन दे."

मैनाबाईनं नारळ हातात घेतला. नवी सून धडधाकट. काढा घेतला नसता तरी तिला दिवस गेलेच असते, हे आता लख्ख दिसत होतं. आणि एकदा पेला घेऊन गेलेल्या, पुन्हा कधीच न फिरकलेल्या बायका तिला आठवू लागल्या. त्या पुष्कळ होत्या.

"शामले, ज्याइले गुण नाही आला, त्या मले सांगाले काहून नाही आल्या वं?"

"कायले येतीन, माय? सवतीची धुणी धुऊन राहिल्या असतीन. सासूनं धाडलं नसतं, तं मी तरी आली असती का?"